नाथाजीच्या बर्फातलं खेचर

साळूबाईच्या लेखी तिच्या घरात आजवर दोनच मोठी भांडणं झाली. पहिलं द्राक्षबागेच्या बांधावरून. ते भावकीनं बसून मिटवलं. दुसरं खेचरावरून. हे खेचर अंगठ्याएवढं होतं, गळके नळ बुजवायच्या एमसीलचं होतं, आणि त्याच्यापायी पीरमहंमद नदाफचं हजला जाणं अडून बसलं होतं. खेचर चौकीच्या डाव्या बाजूला उभं होतं की उजव्या, एवढाच काय तो वाद. दोन म्हातारे, दोघांना पेन्शन, दोघांचेही गुडघे गेलेले, आणि वर्षभराच्या वादानंतर एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जाणं चाललेलं.

एवढ्याशा खेचरावरून? असं कुणीही विचारील. त्यासाठी साळूबाईचा नवरा आधी कळायला हवा.

नाथाजी जमदाडे तासगावकडच्या भैरेवाडीचा. गाव असं, की घरटी एकजण फौजेत आणि बाकीचे द्राक्षात. नाथाजीची आई बेंदराला मातीचे बैल करून गावभर वाटायची. तिच्या बैलांना चार पाय आणि दोन शिंगं असत, लोकांना तेवढं पुरे व्हायचं. पोरगा आईच्या शेजारी बसून बैल करायला लागला आणि पंचाईत झाली. ह्याच्या बैलाच्या खुराला भेग, नाकात वेसण, पाठीवर गोचीड. एका वर्षी त्यानं बैल शेण टाकताना केला. चुलतीनं तो पाटावरून उचलला आणि परत आणून दिला. "पुजायला दिलाय का गोठा झाडायला?" म्हणाली.

फौजेत गेल्यावर ह्या खोडीला बढती मिळाली. मोहिमेआधी साहेब लोक जमिनीवर वाळूचे डोंगर, ओढे, वाटा उभ्या करून जवानांना समजावतात, कुठून चढायचं, कुठं दबा धरायचा. त्याला सँड मॉडेल म्हणतात. नाथाजीचं सँड मॉडेल बघायला दुसऱ्या कंपनीतले लोक यायचे. लाकडाच्या भुश्श्याला हिरवा रंग देऊन झाडी, आरशाच्या तुकड्याचं तळं, कापसाचं धुकं. एकदा त्यानं शत्रूच्या बंकरामागे दोरी बांधून तिच्यावर चड्डी वाळत घातली. बोटाच्या पेरापेक्षा लहान चड्डी. साहेब लढाईचं सांगत होते आणि सगळी पलटण चड्डीकडे बघत होती. साहेबांनी ती काढायला लावली. नाथाजी म्हणाला, "साब, धुतल्याबिगर तो बी कसा ऱ्हाईल?" त्याबद्दल त्याला ज्यादा ड्यूटी लागली, पण मत बदललं नाही.

कापूस पुरवणारा होता पीरमहंमद. त्याच गावचा, खालच्या आळीचा, त्याच पलटणीत. नदाफांचं घर पिंजाऱ्याचं, गाद्या भरण्याचं, आणि मोहरमला ताबूत बांधायचं. बांबूच्या काटक्यांवर कागदाची अशी जाळी कापायची, की पलीकडचा दिवा चाळणीतून यावा तसा दिसावा. नाथाजीला बांधता यायचं, पण रंग त्याच्या हातात नव्हता. रंगवायचा पीरमहंमद. शेळीच्या कानाच्या केसांचा कुंचला करून तो जवानाच्या डोळ्यातली बाहुली काढायचा. नाथाजी हवालदार होऊन घरी आला, पीरमहंमद नायक होऊन, म्हणजे एक फीत कमी. हा फरक नाथाजी सहसा विसरत असे. भांडणात मात्र त्याला तो आठवायचा.

पेन्शनीत आल्यावर बरीच वर्षं दोघांनी बाग बघितली, गाद्या भरल्या, शहाण्यासारखे वागले. मग पुण्यात शिकणाऱ्या नातीनं, पूजानं, आज्ज्याला मोबाइलवर दाखवलं, की परदेशात लोक असल्या लहान लहान लढाया घरात करतात. रणगाडे, पडकी घरं, चिखल, गंजलेली हेल्मेटं. त्याला डायोरामा म्हणतात, तेही सांगितलं. नाथाजीनं एक अख्खी दुपार बघितलं आणि म्हणाला, "रणगाडा झकास केलाय गड्यानं. चाकातला चिखलबी बरोबर. पर एकबी माणूस बिडी वडत न्हाई, च्या पीत न्हाई. कसली लढाई ही?"

दुसऱ्या दिवशी कुपवाडला मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या पाहुण्याकडून जुनी तांब्याची तार आली. तारेचा सांगाडा, त्यावर एमसील, मग सुईनं कोरायचं. बेदाणा शेडवरच्या फाटक्या हिरव्या जाळीचं लपायचं जाळं झालं. गावाला डायोरामा म्हणता येईना, लोक 'डायरमा' म्हणायला लागले. साळूबाई 'पसारा' म्हणायची.

खरी अडचण बर्फाची. दोघांची उमेदीतली वर्षं काश्मीरकडं गेली, त्यामुळं बर्फ पाहिजेच. पहिल्यांदा नाथाजीनं मैदा वापरला. महिन्याभरात अळ्या झाल्या आणि बर्फ चालायला लागला. मग पिठीसाखर. त्या सकाळी साळूबाई उठून बघते तर तांबड्या मुंग्यांची रांग उंबऱ्यापासून शिखरापर्यंत, आणि एका जवानाला दंडाला धरून ओढत नेणं चाललेलं. त्यानं पाक लावलेली बर्फाची टोपी घातली होती. नाथाजी पाटावर बसून बघत होता.

"आवं, झटका की!" साळूबाई ओरडली.

"थांब. बघू कुठनं माघार घेत्यात."

नंतर मीठ. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटलं आणि पलंगावर ठेवलेला अख्खा बंकर गादीत उतरला. शेवटी साळूबाईनंच वैतागून रांगोळीचा डबा पुढं आदळला. "घ्या. हिला मुंगी लागत न्हाई, ओल लागत न्हाई. आन माझ्या साखरंला हात लावाल तर बघा." तेव्हापासून भैरेवाडीच्या हिमालयावर रांगोळी पडते, आणि दिवाळीत साळूबाईच्या दारात पडत नाही.

असे किरकोळ डोंगर बरेच झाले. मग दोघांनी मोठं काम काढलं, त्यांची स्वतःची चौकी. जुन्या दाराच्या फळीवर. दगडांचा बंकर, पत्र्याचं धुराडं, त्यातून पिंजलेल्या कापसाचा धूर, लाकडांची चळत, आणि बंकरापुढं दारूगोळ्याच्या एकाच पेटीवर खांद्याला खांदा लावून बसलेले दोन जवान. एक नाथाजी, एक पीरमहंमद. दोघांत मिळून एक चहाचा मग. बास. सरपंच बघायला आले, त्यांना गावच्या हुतात्मा स्मारकाच्या खोलीत ठेवायला काहीतरी हवं होतं. त्यांनी चारी बाजूंनी वाकून बघितलं.

"लढाई कुठाय?"

"त्या दिवशी लढाई न्हवती," नाथाजी म्हणाला.

"मग काय व्हतं?"

"काय न्हाई. बर्फ थांबलं व्हतं. च्या घेतला."

"निदान शत्रू तरी दाखवा हो."

"त्यो बी पलीकडं च्या पीत आसंल," पीरमहंमद म्हणाला.

सरपंच परत आले नाहीत. दोघांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या मते फौजेतला सगळ्यात चांगला दिवस तोच होता आणि तो जसा होता तसा झाला पाहिजे होता. आता फक्त खेचर राहिलं होतं.

रसद घेऊन चौकीवर चढणाऱ्या खेचराचं नाव राणी. नाथाजीनं राणीला तीन आठवडे दिले. फौजेच्या खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असतो, तोही सुईनं काढला. पीरमहंमदनं तिला रंग दिला, नाकपुडीत गुलाबी, डोळ्यात तिरकस राग. साळूबाईनंसुद्धा कबूल केलं, की राणी फार चांगली झाली. मग पीरमहंमदनं तिला उचलून लाकडांच्या चळतीशेजारी, उजवीकडं ठेवलं.

नाथाजी म्हणाला, "डावीकडं."

त्या एका शब्दात पुढचं वर्ष गेलं.

उजवीकडं, कारण राणीनं मगात तोंड घातलं होतं आणि मग पीरमहंमदच्या उजव्या हातात होता. डावीकडं, कारण राणीनं नाथाजीचा हातमोजा खाल्ला होता आणि तो डाव्या हाताचा होता. पीरमहंमद येऊन तिला उजवीकडं ठेवून जायचा, तो गेला की नाथाजी डावीकडं. मग नाथाजीनं फेविकॉलनं चिकटवली. पीरमहंमदनं ब्लेडनं सोडवली. शाळेतले मास्तर मध्ये पडले. म्हणाले, "सोपं आहे. तुम्ही समोरासमोर बसला असाल. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं."

"मास्तर, फळी बघा," नाथाजी म्हणाला. "एकाच पेटीवर, एकाच तोंडानं. आमाला काय डावं-उजवं शिकवायला आलाय व्हय? परेड केलीय आमी."

मास्तर गेले. त्याच दिवशी नाथाजी म्हणाला, "मी हवालदार हाय," आणि पीरमहंमद म्हणाला, "खेचराचा न्हाईस," आणि उठून गेला तो गेलाच. गावात डावे आणि उजवे झाले. खेचर कुणीही बघितलं नव्हतं, पण लोकांना मतं होती.

आणि मग पीरमहंमदचं हजला नाव लागलं.

हजला निघण्याआधी माणसानं सगळ्यांकडं जाऊन बोललं-चाललं माफ करून घ्यायचं असतं. मनात कुणाची अढी ठेवून जायचं नाही. पीरमहंमदनं हे काम फौजी शिस्तीनं काढलं. वरच्या आळीपासून सुरुवात. रंगूबाईकडं जाऊन म्हणाला, "वैनी, तुमची तांबडी कोंबडी माझ्या गाडीखाली आली व्हती, माफ करा." रंगूबाई आजवर ते कोल्ह्याचं काम समजत होती. तिनं त्याला अंगणात उभं करून तासभर ऐकवलं आणि मग माफ केलं. एकाच्या गादीत त्यानं जुना कापूस भरला होता, त्यानं गादी बाहेर आणून उसवली. जन्नतबी, पीरमहंमदची बायको, साळूबाईकडं येऊन डोक्याला हात लावून बसली.

"साळूबाई, ह्ये माणूस माफी मागत सुटलंय का भांडणं काढत? गावात आमच्याशी बोलणारं कुणी ऱ्हायलं न्हाई."

"आमच्याकडं कवा येणार?" साळूबाईनं विचारलं.

जन्नतबीनं पदर डोळ्याला लावला. "तेच तर. सगळ्यांची झाली. तुमच्या दाराशी येतंय आन माघारी फिरतंय. म्हणतंय, नाथाजीनं माफ केलं न्हाई तर मी जात न्हाई. बॅगा भरून पडल्यात. ह्या वयात परत नंबर लागतोय व्हय? आन वैनी, लांबचा परवास, उन्हाळा, त्याचा दम... माणूस जातंय, पर येतंयच आसं कुठं हाय."

साळूबाईनं भाकरीचं पीठ तसंच सोडलं आणि खालच्या आळीतून पीरमहंमदला हाताला धरून घेऊन आली. गल्लीनं बघितलं. बघू दे.

नाथाजी फळीपुढं बसला होता. पीरमहंमद उभा राहिला.

"बोललं-चाललं माफ कर, नाथा."

"केलं," नाथाजी म्हणाला. साळूबाईनं सुस्कारा सोडला. तो लवकर सोडला. "फकस्त डावीकडं म्हन."

"ते कसं म्हनू?"

"तोंडानं."

"आरं, हजला निघालोय मी! आता खोटं बोलू?"

"मग मी खोट्याला माफ करू?"

साळूबाईच्या हाताला पीठ होतं, नाहीतर तिनं दोघांना तिथंच दोन ठेवून दिल्या असत्या. एकाला माफीशिवाय जाता येत नव्हतं आणि माफीसाठी खोटं बोलता येत नव्हतं. दुसऱ्याला मित्र हवा होता, पण डावीकडच्या खेचरासकट. तिनं विचारलं, "त्या चौकीवर तुमच्या दोघांबिगर कोण व्हतं?"

दोघांनी एकदम सांगितलं, "हैबत."

हैबतराव काटकर. खेचरवाला. राणीला हाकायचा तो. साताऱ्याच्या अलीकडं त्याचं गाव, महामार्गापासून आत. जिवंत होता, हे बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याकडून कळलेलं.

"मग आजवर त्याला का न्हाई इचारलं?"

 साळूबाईनं पुतण्याला, ऋषिराजला, फोन केला. त्याचा पिकअप टेम्पो द्राक्षाचा हंगाम संपल्यानं रिकामाच होता. फळी जाळीत गुंडाळली, खाली दोन गाद्या घातल्या. म्हातारे मागे फळीच्या दोन बाजूंना बसले, डावीकडं नाथाजी, उजवीकडं पीरमहंमद, अर्थातच. राणीला साळूबाईनं हळदीकुंकवाच्या डबीत घातलं आणि डबी कमरेला खोचली. तिचा दोघांवरही विश्वास नव्हता.

कऱ्हाडच्या अलीकडं एका पोलिसानं गाडी थांबवली. जाळी बाजूला केली, बंदुका बघितल्या.

"हे काय?"

"चौकी," नाथाजी म्हणाला.

"परवानगी?"

"कशाची?"

पोलिसालाही ते सांगता येईना. दोन बोटं उंचीच्या माणसांना कोणतं कलम लावायचं ह्याचा तो विचार करत राहिला. ऋषिराजनं त्याला सगळी हकिगत सांगितली. पोलीस इतका रंगला, की त्यानं साळूबाईकडून डबी उघडवून राणी हातात घेतली, वाकून, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "माझ्या मते बंकराच्या मागं."

"गप बसा ओ!" दोघं म्हातारे एकदम ओरडले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचं कशावर तरी एकमत झालं. साळूबाईनं ते ध्यानात ठेवलं.

हैबतराव सोप्यात खाटेवर बसला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, आणि पांढऱ्या मिशा अशा, की कानापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. सून अंजना चहाला गेली. फळी खाटेपुढं ठेवली. हैबतरावानं चष्मा काढला. बोटानं धुराडं चाचपलं, बंकराचे दगड चाचपले, दोन जवानांवरून बोट फिरवलं.  साळूबाईनं डबीतून राणी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं खूर उलटा करून नंबर बघितला आणि अंगठ्यानं तो पुसला.

"सांग आता," नाथाजी म्हणाला. "डावीकडं का उजवीकडं?"

हैबतरावानं पुन्हा फळीकडं बघितलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. मग राणीभोवती मूठ आवळली.

"राणी तितं न्हवतीच."

"काय?"

"न्हवती. त्या दिवशी खेचर न्हवतंच चौकीवर. कुठनं आणलं तुमी?"

नाथाजी उभा राहिला. "माझा हातमोजा कुणी खाल्ला मग? तू?"

"माझा च्या!" पीरमहंमद ओरडला. "तिनं तोंड घातलेला च्या मी प्यालोय, हैबत! मी प्यालोय त्यो!"

"सपनात प्याला आसशील."

"खेचरं हाकून हाकून तू बी खेचर झालास रं!" असं पीरमहंमद म्हणाला, आणि नाथाजी म्हणाला, "खेचराला निदान वाट ध्यानात ऱ्हाती," आणि दोघांनी फळी उचलली. गुडघे गेलेले दोन म्हातारे फळी घेऊन पायऱ्या कसे उतरले हे साळूबाईला अजून कळलेलं नाही. चहा तसाच राहिला. तिनं अंजनाला हातानंच 'राहू दे' केलं आणि पळत टेम्पो गाठला.

टेम्पो महामार्गाला लागला तरी मागे गर्जना चालूच.

"न्हवतीच म्हणं! त्याला काय दिसतंय आता?"

"तवातरी दिसत व्हतं का?"

"नाथा, तुझा मोजा मी सोता बघितलाय रं, अर्धा खाल्लेला."

"आन तू त्यो उष्टा च्या प्यालास. मी नको म्हनलो व्हतो."

"म्हनला व्हतास."

 पुढं ऋषिराजच्या शेजारी बसलेल्या साळूबाईनं मागच्या काचेतून बघितलं. दोघं फळीच्या एकाच बाजूला बसले होते, खांद्याला खांदा लावून.

"माफ कर, नाथा," पीरमहंमद म्हणाला.

"कशाबद्दल?" नाथाजी म्हणाला.

झालं. साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ऋषिराजला म्हणाली, "जरा दमानं चालव." घरी जाऊन जन्नतबीला काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती, तेवढ्यात मागून काच वाजली. पीरमहंमद डोळे वटारून ठोकत होता.

"गाडी वळीव! वळीव गाडी!"

"आता काय झालं?"

"हैबतला खेचर म्हनलो न्हवं मी. हजला निघालोय आन माणसाला खेचर म्हनलो! त्याची माफी ऱ्हायली!"

ऋषिराजनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मग गाडी वळवली. दुसरं काय करणार.

हैबतराव तसाच सोप्यात बसला होता. राणी अजून त्याच्या मुठीत होती. ती तिथंच राहिली, हे पळापळीत साळूबाईच्याही ध्यानात आलं नव्हतं. पीरमहंमदनं त्याच्यापुढं हात जोडले.

"हैबत, बोललं-चाललं माफ कर गड्या. हजला चाललोय."

"न्हाई करत."

"आरं पर का?"

हैबतरावानं तोंड भिंतीकडं फिरवलं. साळूबाईचा दिवसभराचा धीर तिथं संपला. ती फळी आणायला सांगून स्वतःच खाटेवर बसली. "भाऊजी, आता मला सांगा. खरं सांगा. राणी न्हवती?"

"वैनी, राणी माझ्याबिगर कवा उभी ऱ्हायलीय?" हैबतराव म्हणाला. "रातध्याड तिचा लगाम माझ्या हातात. मी झोपलो तर ती झोपायची. आन ह्यांनी काय केलं? बंकर केला. धुराडं केलं. सोताला बसवलं पेटीवर. खेचराच्या खुरावरचा नंबर सुदिक ध्यानात. मी कुठाय? दावा मला. कुठाय मी? मी न्हवतो ना तितं? मग राणी बी न्हवती."

 साळूबाईनं फळीकडं बघितलं. धुराड्यातून कापूस निघत होता, चळतीतल्या लाकडाला साल होती, मगाला कान होता. तिसरा माणूस नव्हता. इतके महिने रोज झाडत होती ती, तिलाही दिसलं नव्हतं.

नाथाजीनं टोपी काढली. "चुकलं गड्या," म्हणाला. हे शब्द साळूबाईनं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले, आणि तेही तिला उद्देशून नव्हते.

"तुला बी करतो," नाथाजी पुढं म्हणाला. "तार हाय घरी. मिशा बी करतो."

"ह्या न्हाई. तवाच्या. काळ्या."

"काळ्या. पीर रंगवंल."

"आन मग," पीरमहंमद खाकरला, "तुला कुठं उभा करायचा? म्हंजी राणीच्या संगं. कोणत्या बाजूला?"

साळूबाईनं कपाळावर हात मारला.

हैबतराव पहिल्यांदाच हसला. त्यानं राणीला सदऱ्याच्या खिशात सोडलं आणि वरून हात ठेवला. "आदी मला बनवा. रंग द्या. इतं घेऊन या. मग सांगतो."

"आता सांग की!"

"न्हाई. तू जाऊन ये हजला. माफ केलं तुला, जा. पर रंग तूच द्यायचा. दुसऱ्या कुणी माझ्या मिशंला हात लावलेला चालायचा न्हाई."

"आन तवर राणी?" नाथाजीचा जीव वरखाली झाला.

"पाणी पाजायला नेलीय म्हना," साळूबाई म्हणाली. "हैबतभाऊजींनी नेलीय, पाण्यावर. दोघं बी तिकडंच हाईत. आता उठा, का हितंच भाकरी मागायचीय?"

तीन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. फळीवरचा चहा सकाळचा होता आणि राणीला पाण्यावर न्यायची वेळही सकाळचीच असायची, हे तिघांनाही पटलं. मग मात्र चहा झाला, आणि अंजनानं जेवायलाही वाढलं.

निघायच्या दिवशी खालच्या आळीत गाडी उभी राहिली. अख्खं गाव आलं, रंगूबाईसुद्धा, कोंबडीचा विषय न काढता. पीरमहंमदच्या गळ्यात इतके हार होते, की तोंड शोधावं लागत होतं. नाथाजी हार आणायला विसरला होता. त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उघडली. तांब्याच्या तारेवर एमसीलचा हैबतराव, उघडाबोडका, करडा, एक हात पुढं, लगाम धरल्यासारखा. तोंडावर मिशांच्या जागी फक्त दोन रेषा.

"हात कसा काय?" त्यानं विचारलं.

पीरमहंमदनं हारांतून डोकं बाहेर काढून, एक डोळा मिटून बघितलं. "खांदा उचलल्यासारखा वाटतोय. खाली घे थोडा."

"घेतो."

"आन मिशंला तू हात लावू नको."

"न्हाई लावत."

"तुला न्हाई जमत, नाथा. तू नुस्तं काळं फासतूस."

"न्हाई लावत म्हनलं न्हवं! तू ये लवकर." नाथाजीनं पुरचुंडी बांधली, परत सोडली, परत बांधली. "तितं दुवा मागशील तवा जरा..."

"मागतो. तुझ्या गुडघ्यांसाठी मागतो."

"गुडघे मरू दे रं. डावीकडचं बघ."

पीरमहंमद हसला, जन्नतबीनं त्याला दंडाला धरून आत बसवलं आणि गाडी गेली. नाथाजी घरी येऊन फळीपुढं बसला. बर्फावर डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला फेविकॉलचे पिवळे डाग पडले होते, वर्षभराच्या चिकटवण्या-काढण्याचे. साळूबाई रांगोळीचा डबा घेऊन आली आणि चिमूट भरून डागावर सोडणार, तोच त्यानं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. जागा ध्यानात पायजे."

"दोनी?"

नाथाजीनं एक डोळा मिटून दोन्ही डाग बघितले. "दोनी," म्हणाला, आणि हैबतरावाचा खांदा खाली घ्यायला सुई शोधू लागला.